घोगरीचं वरचं पाणी

पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या वाटेला लागलं, की आंबेनळीची चढण सुरू व्हायच्या आधी एक रस्ता आत वळतो आणि घोगरी नदीवरच्या धरणापाशी जाऊन संपतो. तिथे एक पत्र्याची चौकी आहे. चौकीपुढे फणसाचं झाड. आत्ता-आत्तापर्यंत त्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत हैबती उतेकर बसलेला असे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे.

हैबती जवळच्याच उंबरमाचीचा. धरण बांधायला काढलं तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्याने तिथे खडी वाहिली, सिमेंट कालवलं, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. काम संपल्यावर बरोबरीचे गडी मुंबईला गेले, कोणी गोदीत, कोणी हॉटेलात. हैबती मात्र राहिला, कारण तेव्हाच्या साहेबांनी एक गोष्ट हेरली होती. धरणाच्या दरवाजाचं जे चाक दोघांना मिळून हलत नसे, ते हा पोरगा एकटा फिरवत असे. त्याला चौकीदार म्हणून लावून घेतलं. त्या चाकावर त्याचा संसार उभा राहिला.

घोगरीचं पाणी कालव्याने जात नाही. ते नदीतच सोडतात, आणि खालची गावं आपापल्या पंपाने उचलतात. कोणी वालाला, कोणी उन्हाळी भाताला, कोणी नळाला. धरणाच्या भिंतीपासून थोडा आत, पाण्यात, विहिरीसारखा गोल मनोरा उभा आहे. त्याला एकाखाली एक असे तीन दरवाजे आहेत आणि माथ्यावर तीन चाकं. वरचा दरवाजा पाण्याच्या वरच्या थरातलं पाणी घेतो, मधला मधलं, तळाचा तळातलं. पण तळाचा दरवाजा उघडला की धरण भरलेलं असो की अर्धं, पाणी हमखास येतं. मग बाकीच्या दोन चाकांना हात लावायचं कारणच उरलं नाही. पहिल्या काही वर्षांतच ती गंजून गच्च झाली. हैबती त्यांच्यावर ओला टॉवेल वाळत घालायचा.

तळातून येणारं ते पाणी भर उन्हातसुद्धा बर्फासारखं असायचं. हैबतीला त्याचा कोण अभिमान! मे महिन्यात मुंबईची मंडळी गावी आली की थेट धरणाखाली डुंबायला यायची. कलिंगडं नि थंड पेयाच्या बाटल्या पाण्यात ठेवायची.

"काका, फ्रीजचं पाणी सोडलंय काय?" कोणीतरी ओरडायचं.

"फ्रीजला लाइट लागते रे! माज्या पान्याला लाइट नाय लागत," हैबती वरून उत्तर द्यायचा. "देवाने गरम पान्याची कुंडं तिकडं महाडच्या सव गावाला ठेवली, नि थंड पानी माज्या सवादीन केलं."

आणि मग तो स्वतःच मोठ्याने हसायचा.

त्याची बायको तुळजाबाई खालच्या अंगाच्या शेवरकोंडची. धरणापासून नदीकाठाने पायी तासाभराची वाट. शेवरकोंडाशी घोगरी दोन कातळांच्या मधून शिरते आणि तिथे खोल डोह झाला आहे. त्याला जाखमातेचा कोंड म्हणतात. काठावर देवीची घुमटी. कोंडातले मासे देवीचे, त्यांना कोणी गळ लावत नाही, जाळं टाकत नाही. खडस जातीचे ते मासे, हातभर लांब, सोनेरी खवल्यांचे. तुळजाबाईचा बाप घुमटीची दिवाबत्ती बघायचा. तो गेल्यावर तिचा भाऊ गोमाजी बघू लागला.

लग्नानंतर हैबती पहिल्यांदा सासुरवाडीला गेला, तेव्हा तुळजाबाईने त्याला कोंडावर नेलं. ओंजळीत चुरमुरे घेतले, पायरीवर बसली आणि मनगट पाण्यात घालून बांगड्या किणकिणवल्या. तळातून एक सोनेरी सावली वर आली, मग दुसरी, मग पाणीच सोन्याचं झालं. एका माशाने हैबतीच्या बोटांना तोंड लावलं तसा हा धिप्पाड गडी दचकून मागे सरला आणि ओल्या पायरीवर आपटला. तुळजाबाई पदर तोंडावर धरून हसली. हैबती ही गोष्ट चौकीवर सगळ्यांना सांगायचा, फक्त त्याच्या सांगण्यात मासा मगरीएवढा असायचा.

धरण तेव्हा नुकतंच पुरं झालं होतं. पुढे वर्षं गेली. दोन मुली झाल्या, शिकल्या, नांदायला गेल्या. हैबतीचे केस पिकले. कोंडातले मासे मात्र हळूहळू कमी होत गेले. रोज बघणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही, पण एका साली दिवाळीच्या फराळाला गोमाजी उंबरमाचीला आला नि करंजी हातात तशीच धरून म्हणाला, "दाजी, कोंडात निस्ती म्हातारीच राहिलीत. बारकं एक बी दिसत नाय."

"आपल्या गावांसारखंच की रे," हैबती म्हणाला. "पोरं मुंबयला गेली असतील."

सगळे हसले. गोमाजी हसला नाही. "हसू नका, दाजी. परवा एक म्हातारा पालथा तरंगला. देवीच्या मागल्या अंगाला पुरला मी त्याला. असे एकेक करून गेले म्हंजी मग कोंडात ऱ्हानार कोन?"

कारणं सांगणारे पुष्कळ निघाले. कोणी महाडच्या औद्योगिक वसाहतीवर बोट ठेवलं, पण ती पडली खाली सावित्रीवर, आणि घोगरी येते वरून. पाणी काही उलटं चढत नाही. कोणी म्हणालं, वरच्या अंगाला चोरून औषध टाकून मासे मारतात. गोमाजीने पाळत ठेवून पाहिली, कोणी सापडलं नाही. मग देवी कोपली असेल म्हणून जागर घातला, नारळांची रास लागली. देवीनेही काही सांगितलं नाही.

शेवटी महाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या अनुपमा मॅडम आल्या. त्या मूळच्या तुडीलच्या, सावित्रीकाठी वाढलेल्या, त्यामुळे चपला काढून सरळ पाण्यात उतरायचं त्यांना वावडं नव्हतं. त्यांना आधी शेतातल्या फवारणीचा संशय होता. त्यांनी बाटल्या भरून नेल्या, तपासल्या. त्यात काही सापडलं नाही. दसरा होऊन थोडे दिवस झाले होते, ऑक्टोबरचं ऊन डोकं तापवत होतं, तेव्हा त्या परत आल्या. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून कोंडाच्या उथळ बाजूला दगड उलटे करून बघत होत्या. दगडांवर काळपट-तांबडा थर होता. खाली जे पाणकिडे असायला हवेत ते जवळपास नव्हतेच. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या आणि पाय चोळत काठावर बसल्या.

"गोमाजीदादा, ऊन एवढं आणि पाणी असं कसं? बोटं बधिर झाली माझी."

"पानी वरनं येतं, मॅडम. धरनातनं. तितं आमचे दाजी बसलेत, त्यांनाच इचारा. पन इचाराल तर येळ काढून जावा. लई बोलतात."

मॅडम स्कूटी घेऊन धरणावर गेल्या. हैबतीने त्यांना खुर्ची दिली, तांब्याभर पाणी दिलं, आपली सगळी नोकरी सांगितली, माशाने बोट चावल्याची गोष्ट सांगितली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून लांब दोरीला बांधलेला तापमापक काढला. "काका, मनोऱ्यावरून हा पाण्यात सोडायचाय. चालेल?"

"द्या हिकडं. तुमी पडाल," म्हणत हैबतीनेच दोरी हातात घेतली.

लोखंडी पुलावरून दोघं मनोऱ्यावर गेले. वरच्या पाण्यात तापमापक बुडवला. पाणी कोमट, उन्हात ठेवलेल्या घागरीसारखं. मग दोरी खाली-खाली सोडली. थोडी खोल गेल्यावर आकडा उतरू लागला, आणि तळाशी टेकला तेव्हा वरच्यापेक्षा तब्बल आठ अंशांनी खाली होता.

हैबतीचा चेहरा फुलला. "बगा! मी सांगतो ते लोकांना खोटं वाटतं. आता तुमीच लिवून द्या, असं थंड पानी आख्ख्या रायगडात नाय!"

 मॅडम पाण्याकडे बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "काका, मासे का कमी झाले ते मला आत्ता कळलं."

त्यांनी त्याला समजेल असं सांगितलं. ऊन पाण्याचा वरचा थरच तापवतं. तळाशी ते पोचत नाही. तिथलं पाणी गार राहतं, त्यातली हवाही सरते. नदी वाहती असते तेव्हा हे घडत नाही, साठवली की घडतं. पावसाळ्यात धरण भरून सांडव्यावरून वाहतं, म्हणजे वरचं पाणी खाली जातं. नदी तेव्हा नदीसारखी असते. खडस अंडी घालतात, पिल्लं निघतात. आणि मग दसरा झाला, सांडवा थांबला, की तळाचा दरवाजा उघडतो. एका दिवसात नदी हिवाळ्यापेक्षा गार. मोठा मासा खोल जाऊन दम धरून राहतो. सुईएवढं पिल्लू कुठे जाईल? ते वाढत नाही, त्याचं खाणं जे पाणकिडे तेही राहत नाहीत.

हैबतीच्या हातात दोरी तशीच होती. "म्हंजी माज्या पान्याने मासं मेलं, असं म्हनता तुमी?"

"तुमचं पाणी वाईट नाही, काका. स्वच्छ आहे. फक्त ते चुकीच्या थरातलं आहे."

"मॅडम, हे चाक मी उबा जलम फिरवलंय. आजपातूर कोनी बोट दाखवलं नाय." त्याने दोरी गुंडाळून त्यांच्या हातात दिली. एरवी तो पाहुण्याला रस्त्यापर्यंत सोडायला जायचा. त्या दिवशी गेला नाही.

संध्याकाळी घरी जेवताना त्याने तुळजाबाईला सगळं ऐकवलं. कॉलेजची माणसं काहीही बोलतात, असा सूर होता. तुळजाबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"थंड तर हायच," ती म्हणाली. "आमी बायका धुनं धुवायला उतरतो ना, घटकाभराने पाय वळतात. शेवरकोंडला वैनीला तर गुडगं धरून बसावं लागतं."

"मग कदी बोलली नायस ती?"

"बोलले की. तुमी म्हनालात, थंड पान्याने तब्येत सुदारते."

 हैबतीने भाकरी संपवली आणि ओट्यावर जाऊन बसला. त्याच्या एक ध्यानात आलं. त्या पाण्याबद्दल तो इतकं बोलत आला, पण स्वतः त्यात कधी पाच मिनिटांवर उभा राहिला नव्हता. त्याची अंघोळ घरच्या न्हाणीत, चुलीवर तापवलेल्या पाण्याने व्हायची.

सुट्टीच्या दिवशी तो शेवरकोंडला गेला. गोमाजीला हाक न मारता एकटाच कोंडावर उतरला, पायजमा वर खोचला आणि पाण्यात उभा राहिला. आधी बरं वाटलं. मग घोटे दुखायला लागले, मग पोटऱ्यांत कळ भरली. बाहेर यायचं म्हणून तो पलीकडच्या काठाकडे सरकला, तिथे डोंगरातून येणारा एक लहानसा ओढा कोंडाला मिळतो. उजवा पाय ओढ्याच्या धारेत पडला आणि हैबती थबकला. तिथलं पाणी ऊबदार होतं. एक पाय ऊबेत, एक पाय गारठ्यात. त्याने खाली पाहिलं. देवीचे जे मोजके म्हातारे मासे उरले होते, ते सगळे त्या ओढ्याच्या तोंडाशी गर्दी करून होते, थंडीत शेकोटीला बसावं तसे. एवढा मोठा कोंड रिकामा टाकून ते तेवढ्याशा जागेत एकमेकांना खेटून राहिले होते.

गोमाजी घुमटीशी आला तेव्हा त्याला दिसलं, दाजी पायरीवर बसलेत आणि काही बोलत नाहीत. गोमाजी घाबरला. "दाजी, बरं हाय ना?"

"बरं हाय," हैबती म्हणाला. "चाय ठेव जरा."

दुसऱ्या दिवशी तो पोलादपूरला जाऊन सुहास साहेबांसमोर उभा राहिला. सुहास हा धरणाचं काम बघणारा तरुण अभियंता, कराडकडचा, बदली होऊन आलेला. हैबतीने त्याला तापमापकापासून ओढ्यापर्यंत सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "साहेब, दरवाजे तीन हायत. मला वरचा उगडून द्या."

सुहासने अनुपमा मॅडमना फोन लावला. दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. फोन ठेवून तो म्हणाला, "हैबतीकाका, ज्याने तीन दरवाजे बसवले त्याने ते उगाच नाही बसवले. आपणच विसरलो. पण ते आता पाण्याखाली आहेत. मे महिन्यात पातळी उतरेल तेव्हा वरचा उघडा पडेल. तोपर्यंत मी वरिष्ठांची परवानगी मिळवतो. तुम्ही गंज काढायला माणूस बघा."

माणूस घरचाच होता. हैबतीचा पुतण्या भरत महाडच्या वसाहतीत एका कारखान्यात फिटर. पाळीची सुट्टी पडली की मोटारसायकलवर हत्यारं बांधून यायचा. मे महिन्यात पाणी उतरलं, वरच्या दरवाजाचा पत्रा उन्हात आला. त्यावर शिंपल्या चिकटल्या होत्या आणि रबराची कड कुजून गेली होती. काका-पुतण्याने झोपाळा बांधून लटकत-लटकत गंज खरवडला, रॉकेल ओतलं, ग्रीस भरलं. सुहासने नवं रबर आणवलं. स्वतः शर्टाच्या बाह्या वर करून तो बोल्ट आवळायला बसला.

सगळं झालं, आता चाक फिरवून बघायचं ठरलं. भरत म्हणाला, "काका, दोघं धरू."

"बाजूला हो. हे चाक मला वळखतं," हैबती म्हणाला.

चाक कुरकुरलं, थोडं हललं आणि अडकलं. हैबतीने खांदा लावला, दम कोंडला आणि सगळ्या अंगानिशी झटका दिला. दरवाजाचा दांडा वाकला. त्याच्याबरोबर हैबतीच्या कमरेतही काहीतरी सटकलं. तो मनोऱ्यावरच खाली बसला, तिथून उठेना. त्याला पुलावरून उचलून आणायला चौघं लागले, आणि तरीही तो त्यांना पाय कुठे टाकायचा ते सांगत होता.

महाडच्या डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. अख्खा पावसाळा हैबती ओटीवर आडवा पडून राहिला. गावात एकच हसणं. मासे वाचवायला गेला आणि स्वतःच गळाला लागला! तो स्वतःही हसायचा, पण पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की त्याचं मन धरणावर जायचं. सांडवा सुटला असेल का? कोंडात अंडी पडली असतील का? दसऱ्याला कोणी परत तळाचंच चाक फिरवलं तर?

तुळजाबाई रोज कमरेला तेल चोळून द्यायची. एकदा तो म्हणाला, "तुज्या म्हायेरच्या माशांपायी झालं गो हे सगळं."

"म्हायेरच्या नाय, देवीच्या," ती म्हणाली. "नि झटका कोनी द्यायला सांगितला हुता? भरत म्हनत हुता ना, दोगं धरू?" आणि तिने असा अंगठा दाबला की हैबती कळवळला.

भरतने कारखान्याजवळच्या एका वर्कशॉपमधून नवा दांडा घडवून आणला आणि पाऊस जोर धरायच्या आत बसवला. परवानगीचा कागद यायला वेळ लागला, पण तोही आला. गणपती गेले, नवरात्र बसलं, सांडवा थांबला. पाणी सोडायचा दिवस ठरला.

त्या दिवशी हैबती कमरेला पट्टा आवळून मनोऱ्यावर गेला. चाकाच्या एका बाजूला सुहास, दुसऱ्या बाजूला भरत. हैबतीला काहीच करायचं नव्हतं. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कोणी पाणी सोडलेलं त्याने बघितलं नव्हतं. त्याचे हात उगाच पुढे होत होते.

सुहासने ते पाहिलं. "काका, हात ठेवा. जोर नका लावू, नुसता ठेवा."

हैबतीने चाकाच्या कडेवर तळवा ठेवला. दोघांनी जोर लावला. चाक निमूट फिरलं. काही वेळाने खाली, भिंतीच्या पायथ्याशी पाणी फेसाळत बाहेर पडलं. तळाचं पाणी सुटलं की दर वर्षी अंडं कुजल्यासारखा एक वास यायचा. हैबतीच्या नाकाला तो इतका सवयीचा की तो वास आहे हेच तो विसरला होता. आज तो आला नाही, तेव्हा त्याला आठवला.

तुळजाबाई मुद्दाम आदल्या दिवशीच शेवरकोंडला जाऊन बसली होती. दुपार उतरली तेव्हा हैबतीचा फोन वाजला. रेंज तुटत होती.

"अवो, कुटलं पानी सोडलंत?"

"का? काय झालं?"

"मी धुनं घेऊन उतरले. वैनी बी हाय. पाय दुकत नायत वो. आमी दोगी गप्पा मारत उब्याच ऱ्हायलो. धुनं तसंच पडलंय."

हैबतीने फोन कानापासून दूर धरला आणि सुहासला ऐकवला, मग भरतला. मग अनुपमा मॅडमना फोन करून तेच परत सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून.

मॅडमनी मात्र आधीच बजावून ठेवलं होतं, एका वर्षात काही मागू नका. आणि झालंही तसंच. त्या साली गोमाजीला काही दिसलं नाही. फक्त म्हातारे मासे ओढ्याच्या तोंडापासून हलले आणि सगळ्या कोंडात फिरू लागले. तेवढ्यावर हैबती खूश होता. जानेवारीनंतर पातळी उतरली तसा मधला दरवाजा, तोही भरतने मोकळा केलेला, उघडला. एप्रिलमध्ये तळाच्या दरवाजाला पर्याय राहिला नाही. पण तो आता एकदम न उघडता हळूहळू उघडायचा, असं सुहासने ठरवून दिलं. उन्हाळ्याचे ते दोन महिने नदी गारच राहते, अजूनही. सगळं काही सुटलेलं नाही, आणि सुटलं असं कोणी म्हणतही नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळी झाली आणि गोमाजी उंबरमाचीला आला, तो दारातूनच ओरडत. "दाजी! चला! आत्ता चला!"

हैबती, तुळजाबाई आणि गोमाजी तिघं रिक्षा करून शेवरकोंडला गेले. कोंडाच्या उथळ बाजूला, जिथे दगडांवरचा काळा थर जाऊन हिरवं शेवाळ धरलं होतं, तिथे गोमाजीने बोट दाखवलं. हैबतीला आधी फक्त ऊन हलताना दिसलं. मग कळलं, ते ऊन नव्हतं. सुईएवढी, बोटाएवढी पिल्लं. शेकड्यांनी. एक खंड्या फांदीवर बसून त्यांच्याकडे डोळे लावून होता.

"हाकल त्याला," हैबती म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," तुळजाबाई म्हणाली. "त्याचं बी पोट हाय. तो बी किती वर्सांनी आलाय."

तिने मनगट पाण्यात घातलं. म्हातारे आले, नेहमीसारखे. आणि त्यांच्या मागून, घाबरत-घाबरत, ती चिमुरडी आली, चुरमुऱ्याच्या एकेका दाण्याला दहा-दहा जण झोंबत. गोमाजी देवीपुढे जाऊन उभा राहिला, पण बराच वेळ त्याला नमस्कार करायचं सुचलं नाही. डोळे पुसण्यातच तो गुंतला. हैबती पायरीवर बसला. त्याला काहीतरी मोठं बोलावंसं वाटत होतं. तोंडातून एवढंच आलं, "बरं झालं गो."

पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. आता धरणावर नवा माणूस आहे, आणि वरची दोन्ही चाकं दर वर्षी ग्रीस खातात. हैबती परसात वाल लावतो, कंबर सांभाळून वाकतो, दुपारी झोपतो. यंदा डिसेंबरात अनुपमा मॅडम कॉलेजची मुलं घेऊन शेवरकोंडला आल्या. मुलांना कोंड दाखवून झाल्यावर म्हणाल्या, "आता हैबतीकाका तुम्हाला दोन शब्द सांगतील."

दोन शब्दांवर हैबती थांबला असता तर तो हैबती कसला! त्याने खडी वाहण्यापासून सुरुवात केली. मुलं आधी मोबाइल चाळत होती, मग एकेक करून मोबाइल खिशात गेले. सूर्य कातळाच्या पलीकडे कलला. गोष्ट मॅडमच्या तापमापकापर्यंत पोचली तोवर तुळजाबाईचा धीर सुटला. ती वहिनीबरोबर वालाची उसळ नि तांदळाच्या भाकरी घेऊन आली होती, आणि भाकरी गार होत होत्या.

"अवो, पुरे करा. पोरांना जेवू द्या. त्यांची महाडची गाडी जाईल."

"आता तर खरी गोष्ट सुरू झाली गो," हैबती म्हणाला.

"मग जेवता-जेवता सांगा," म्हणत तिने त्याच्याच हातात उसळीचं पातेलं दिलं, आणि हैबती बोलत-बोलत मुलांना वाढायला लागला.